आप्पा आणि खालची टाकी

आप्पांच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्र आहे. खारं पाणी, खडक, पाण्याबरोबर डोलणारी मऊ प्रवाळं, क्लाउनफिशची जोडी, एक पिवळाधमक टँग. पाहुणे येतात, समुद्र बघतात, "अगंबाई, किती छान!" म्हणतात. आप्पा तेव्हा समुद्राकडे बघत नसतात, पाहुण्यांकडे बघत असतात. "पण हे पाणी साफ कुठे होतं हो?" हा प्रश्न किती वेळात येतो, यावर ते माणूस जोखतात. ज्याला तो सुचत नाही त्याला चहा-चिवडा मिळतो आणि तो सुखाने घरी जातो. ज्याला सुचतो त्याच्यासमोर आप्पा मांडी घालून जमिनीवर बसतात, टाकीखालच्या कॅबिनेटची दारं उघडतात आणि म्हणतात, "ये असा खाली. वर काय, वर नुसते मासे आहेत."

खाली सम्प आहे. आप्पांचं खरं घर ते.

आप्पा पाणीपुरवठा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांना एकच सल होता: लोकांना नळ दिसतो, जलवाहिनी दिसत नाही. पाणी आलं तर खात्याचं नाव कुणी घेत नाही, नाही आलं तर सगळे घेतात. निवृत्तीनंतर ठाण्याच्या घरात ते नुसते बसून राहू लागले तेव्हा मुलाने, बाबांचं मन रमावं म्हणून, ही टाकी बसवून द्यायचं ठरवलं. मासे बघितले की रक्तदाब उतरतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. उतरत असेलही. पण त्यासाठी मासे बघावे लागतात.

शाळेत असताना आप्पांची सहल तारापोरवाला मत्स्यालयाला गेली होती. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आणि पुढे मुंबई-ठाण्याच्या कैक पिढ्यांनी तिथल्या काचेला नाक लावलं. बाकीची पोरं कासवापाशी गर्दी करून उभी असताना आप्पा कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या दाराशी उभे होते आणि पंपाचा आवाज कुठून येतो ते ऐकत होते, असं त्यांची धाकटी बहीण सांगते. मास्तरांनी कान धरून त्यांना कासवापाशी आणलं. ते दार आत्ता कुठे उघडलंय, एवढंच.

या दाराआडची व्यवस्था एकदा समजून घ्यायला हवी, नाहीतर आप्पा समजायचे नाहीत. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात दाते पाडलेली एक काळी पेटी आहे. पाण्याचा वरचा तेलकट थर त्या दात्यांवरून पेटीत सांडतो आणि नळ्यांतून खाली सम्पात येतो. तिथे तो आधी कापडी पिशवीतून गाळला जातो, मग स्किमरच्या कप्प्यात शिरतो. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून माशांची घाण फेसाबरोबर वर चढवणारं नळकांडं. त्याच्या डोक्यावरच्या पेल्यात काळपट तपकिरी काढा जमतो. हा पेला काढून आप्पा पाहुण्याच्या नाकाखाली धरतात, तोही काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत असतानाच. पुढच्या कप्प्यात हिरव्या शेवाळाचा गुंता आहे. वरचा दिवा मालवला की खालचा लागतो, म्हणजे वर रात्र असताना शेवाळाचा दिवस असतो आणि पाण्याचा सामू रात्रीत फार घसरत नाही. कॅबिनेटच्या फटीतून झिरपणाऱ्या त्या जांभळ्या उजेडामुळे समोरच्या इमारतीत बरेच तर्क लढवले गेले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. शेवटच्या कप्प्यात पंप. तो पाणी पुन्हा वर पाठवतो. झालं वर्तुळ.

आता मुद्दा मापाचा. हे वर्तुळ केवढं असावं?

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानदाराने आप्पांना सांगितलं, "दोन फुटी सम्प न्या साहेब, सगळे तोच नेतात." आप्पांनी खिशातून टेप आणि कागद काढला. हा कागद म्हणजे जुन्या निविदेची पाठकोरी बाजू. आप्पांचे सगळे हिशेब अशाच कागदांवर होतात. त्यांनी दुकानदाराला उभ्याउभ्या विचारलं, "वीज गेली तर?"

"तर पंप थांबेल."

"आणि पाणी?"

दुकानदार गप्प. आप्पांनी सांगितलं. पंप थांबला म्हणून पाणी लगेच थांबत नाही. दात्यांवरून सांडायचं ते सांडत राहतं, आणि परतीच्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडालेलं असल्याने तीही उलट पाणी ओढून खाली आणते. तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत हे चालतं. वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ७.२ लिटर खाली आलं. तीन सेंटिमीटर उतरलं तर २१.६. त्यात काळ्या पेटीतलं आणि नळ्यांतलं मिळून आठेक लिटर धरा. तीस लिटर. दोन फुटी सम्प ६० बाय ३०, उंची ३५. चालू असताना त्यात २० सेंटिमीटर पाणी, वर रिकामी जागा १५. त्यात मावतं २७ लिटर.

"उरलेले तीन लिटर कुठे जाणार?"

"पण साहेब, मुंबईत लाइट जाते कुठे?"

"मी ठाण्याला राहतो," आप्पा म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले.

परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं की हवा लवकर शिरते आणि उलट ओढ तिथेच तुटते. अशी युक्ती सगळेच करतात. आप्पांनीही भोक पाडलं. पण हिशेबात ते भोक त्यांनी धरलं नाही. कारण टाकीत शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी असतात आणि एखादी गोगलगाय नेमकी वीज जायच्या वेळी नेमकी त्या भोकावर बसलेली असू शकते. पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेवर, एनआरव्हीवर, तर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. झडपेच्या फटीत मीठ आणि शेवाळ धरतं आणि हवी त्या दिवशी ती मिटत नाही, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, खात्यातल्या एखाद्या सहकाऱ्याबद्दलच बोलतायत. म्हणून सम्प ठरला तो भोक बुजलेलं आहे, झडप अडकलेली आहे, आणि घरी कुणीही नाही, असं धरून.

"ह्यांनी सुमीच्या लग्नात जेवणाची पानं अंदाजाने सांगितली होती," काकू म्हणतात. "दुसऱ्या पंगतीला श्रीखंड संपलं. तेव्हा ही गोगलगाय कुठे होती?"

शेवटी ९० बाय ४५ बाय ४० चा सम्प ठरला. याहून मोठा का नाही, असं आप्पांना विचारू नये. त्यांना चार फुटीच हवा होता. चार फुटी स्टँडच्या पोटात चार फुटी सम्प बसत नाही, हे त्यांनी सुताराकडून दोनदा वदवून घेतलं आणि तरी तिसऱ्यांदा टेप लावली. शिवाय स्किमर उभा राहायला उंची हवी, आणि त्याचा पेला वर उचलून काढायला आणखी चार बोटं हवीत. पेला काढता येत नाही म्हणून स्किमरच न धुणारे लोक आहेत, आणि आप्पा त्यांची नावं घेत नाहीत. बाजूला साध्या पाण्याचा कॅनही बसायला हवा. हवेत उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोज भर घालायची ती आरओच्या बिनमिठाच्या पाण्याची, नाहीतर खारेपणा चढत जातो. आरओचं वाया जाणारं पाणी काकू लादी पुसायला वापरतात. या सगळ्या प्रकरणातली घरच्या उपयोगाची गोष्ट ती तेवढीच. स्टँडच्या मधल्या पायातून हा सम्प आत जाईना, तेव्हा सुतारानेच तोडगा काढला: आधी सम्प जागेवर ठेवा, मग त्याच्याभोवती स्टँड बांधू. आप्पांना तो माणूस तेव्हापासून फार आवडतो.

मोठ्या सम्पाचं समर्थन करताना आप्पा १८७१ सालात जातात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय त्या साली उघडलं आणि ते उभारणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइडने जमिनीखाली एक अंधारा हौद बांधला, लोकांना दाखवायच्या टाक्यांहून कितीतरी पट मोठा. पाणी सतत वर जायचं, खाली यायचं, अंधारात निवळायचं. "दीडशे वर्षांपूर्वी! तेव्हा बाकीचे लोक मासा मेला की पाणी बदलत होते." लॉइडचं नाव आप्पा अशा आदराने घेतात की आमच्या मजल्यावरच्या एका आजींचा बरेच दिवस समज होता, हे आप्पांचे जुने साहेब असावेत. आप्पांचं म्हणणं एका वाक्यात मावतं: पाणी जितकं जास्त, तितकी चूक सावकाश घडते. मीठ चढो, उष्णता चढो, औषध जास्त पडो. मोठ्या पाण्यात माणसाला हात हलवायला वेळ मिळतो. हे मात्र मला पटतं.

काकूंनीही मग एक माणूस शोधून काढला. जकार्त्याचे ली चिन एंग. १९६१ च्या सुमारास या गृहस्थांनी सम्पाशिवाय, स्किमरशिवाय, नुसते जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या जोरावर घरात प्रवाळं जगवून दाखवली. काकूंना ही माहिती डोंबिवलीच्या एका मुलाने पुरवली, ज्याच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे. आता कॅबिनेटचं दार पाऊण तासाहून जास्त वेळ उघडं राहिलं की आतून आवाज येतो, "त्या एंगभावजींना नव्हतं हो हे काही लागत!"

"त्यांच्या दाराशी समुद्र होता," आप्पा दारात डोकं ठेवूनच उत्तर देतात.

डोंबिवलीचा मुलगा आयटीत आहे. कुर्ल्याच्या रविवारच्या मासेबाजारात त्याची आणि आप्पांची गाठ पडली आणि तेव्हापासून दोघांचं पटत नाही म्हणून ते दर रविवारी भेटतात. त्याचं मत असं की सम्पातून तासाला टाकीच्या दहा पट पाणी फिरलं पाहिजे. आप्पांचं मत तीन ते पाच पट. बाजारात सकाळी सकाळी पाण्याने भरलेल्या पिशव्या हातात धरून हे दोघे जो वाद घालतात, त्यात मासे बिचारे हिंदकळून जातात.

"अरे, स्किमर स्वतःच्या पंपाने घेईल तेवढंच पाणी घेणार. त्याच्या दारावरून तू दुप्पट पाणी पळवलंस म्हणून ते दुप्पट धुतलं जाईल का? बुडबुडे वर जातील, आवाज वाढेल, पंप तापेल, ती उष्णता पाण्यात उतरेल, मग चिलर लाव, मग बिल भर."

"पण काका, प्रवाळांना फ्लो लागतो!"

"लागतोच. तो वर. वेव्हमेकरने. टाकीतलं पाणी टाकीतच ढवळ ना, वीस पट, तीस पट, हवं तेवढं. त्यासाठी दीड मीटर खाली आणून पुन्हा वर कशाला चढवतोस?"

इथे आप्पा बरोबर आहेत, हे आता त्या मुलालाही ठाऊक आहे. दहा पटीचा नियम जुन्या काळचा. तेव्हा टाकीतलं वाहतं पाणीही बरंचसं याच पंपाच्या भरवशावर असायचं. पण मुलगा हार मानत नाही, कारण मानली तर रविवारी जायचं कुठे?

पंपाच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याला आप्पा 'निवडणुकीतलं आश्वासन' म्हणतात. त्यांच्या पंपावर ताशी ४००० लिटर असं लिहिलेलं आहे. ते खरं आहे, पण पाणी वर चढवायचंच नसेल तर. इथे चढण सव्वा मीटरची, त्यात नळीचं घर्षण, त्यात एल्बो. काटकोनी एल्बो बघितला की आप्पांच्या चेहऱ्यावर जुनी वेदना उमटते. आप्पांच्या मुलाने बोलावलेल्या प्लंबरने चार काटकोनी एल्बो लावले होते. आप्पांनी प्रत्येकाच्या जागी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड घातले आणि जोडणीत युनियन टाकली, म्हणजे पंप धुवायला काढताना नळी कापावी लागू नये. मग प्रत्यक्ष मोजणी. नातवाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, आप्पांच्या हातात वळवलेली नळी, मध्ये काकूंची वीस लिटरची बादली. बादली ३६ सेकंदांत भरली. "ताशी २०००," आप्पा म्हणाले. टाकी ४३२ लिटरची. खडक-वाळूची जागा वजा जाता पाणी साडेतीनशेच्या आसपास. पाच पटीहून थोडं जास्त. आप्पांनी गेट व्हॉल्व्ह किंचित आवळला आणि दुसरी बादली लावली. काकूंचं म्हणणं, त्या दिवशी नळाला पाणी अर्धा तासच होतं आणि तेही बादलीअभावी गेलं. मोजणी मात्र झाली. कागदावर तारीख घालून सही केली. साक्षीदार म्हणून नातवाचीही आहे.

सुरुवातीच्या दिवसांत वरून खाली येणारं पाणी हवा गिळत यायचं आणि दिवाणखान्यात रात्रभर घळघळ चाले. साताऱ्याचे मेहुणे मुक्कामाला आले, ते रात्रीतून तीनदा उठून न्हाणीघराचा नळ बघून आले. चौथ्यांदा त्यांनी आप्पांना उठवलं. त्या अपमानानंतर आप्पांनी तीन नळ्यांची रचना केली. पहिली पूर्ण भरून, हवा न घेता वाहते, तिच्यावर झडप. दुसरीतून उरलेलं थोडं पाणी झिरपतं. तिसरी कोरडी असते आणि पहिल्या दोन्ही तुंबल्या तरच कामाला येते. ही तिसरी नळी आप्पांची लाडकी. काही न करता सगळ्यांचं रक्षण करणारी ती घरातली एकटीच, असं ते म्हणतात तेव्हा काकू भांडी जरा जोरात ठेवतात.

आणि मग एकदा वीज गेली. रात्री साडेनऊला, अख्ख्या गल्लीची. सगळे मेणबत्त्या, इन्व्हर्टर, जिन्यात अडकलेली माणसं यांच्यामागे धावत असताना आप्पांच्या घरातून "आली, आली!" असा ओरडा ऐकू आला. वीज आली समजून आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर आप्पा पोटावर पालथे, हातात टॉर्च, आणि येत होती ती पातळी. सम्पाच्या काचेवर त्यांनी २९.४ सेंटिमीटरवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. पाणी चढलं, चढलं, आणि रेघेच्या अर्धा सेंटिमीटर खाली थांबलं. लादी कोरडी. आप्पा उठले, बॅटरीवरचा हवेचा पंप वरच्या टाकीत सोडला, कारण पाणी फिरायचं थांबलं की माशांना पहिल्यांदा कमी पडतो तो प्राणवायू, आणि आम्हा सगळ्यांना अंधारात सरबत दिलं. अर्धा सेंटिमीटर कमी का भरलं, याचा शोध ते अजून घेत आहेत. माझ्या मते गोगलगाय त्या दिवशी रजेवर होती.

सोसायटीचं प्रकरण थोडक्यात उरकतो. सेक्रेटरींनी वजनाची शंका काढली, आणि ती योग्यच होती. पाणी, काच, खडक, स्टँड मिळून साडेसहाशे किलो, तेही पाऊण चौरस मीटरवर. घराची जमीन मात्र भारतीय मानकाप्रमाणे धरतात चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने. आप्पा सभेला नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घेऊनच गेले. टाकी भिंतीला लागून, बीमवर, आडवी. तरीही एकाने विचारलं, इतक्या पाण्याची घरात गरजच काय? आप्पा म्हणाले, "आपली बिल्डिंग तरी दुसरं काय आहे? खाली टाकी, वर टाकी, मध्ये पंप. फरक एवढाच, माझ्या टाकीतले रहिवासी मेंटेनन्स थकवत नाहीत." विषय तहकूब झाला. पुढच्या महिन्यात सोसायटीचा पंप सारखा बंद पडू लागला तेव्हा सेक्रेटरी स्वतः आप्पांच्या दाराशी आले. दोघे जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत उभे होते. सेक्रेटरींनी "खाली काय आहे हो?" असं विचारलं म्हणे. त्यांचे संबंध आता उत्तम आहेत.

वरच्या टाकीबद्दल आप्पांना फक्त एकदा तावातावाने बोलताना ऐकलंय. पुतण्या मालवणला निघाला होता. म्हणाला, येताना प्रवाळाचा एखादा तुकडा आणू का? आप्पा इतके भडकले की चष्मा सम्पात पडला. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे; वाघाला आहे तेच. आपल्या समुद्रातून असा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी पुतण्याला दोन वेळा म्हणायला लावलं. त्यांच्या टाकीत मऊ प्रवाळं तेवढी आहेत, बिलासकट. क्लाउनफिशही टाकीतच जन्मलेले. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात या माशाची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण नाही, असं ते म्हणतात.

माशांची नावं मात्र त्यांना ठाऊक नाहीत. नातीने ती ठेवली आहेत. मध्ये टँग दोन दिवस खडकामागून बाहेर आला नाही, तेव्हा नातीने रडवेल्या आवाजात फोन केला, "आजोबा, पिंकू दिसत नाही!" आप्पांनी खारेपणा मोजला, १.०२५. तापमान बघितलं, २६. स्किमरचा पेला बघितला, सम्पाची पातळी बघितली, आणि फोनवर सांगितलं, "सगळं व्यवस्थित आहे." वर बघायचं राहिलं. काकूंनी बघितलं. पिंकू खडकामागे शेवाळ खात होता.

सध्या आप्पांच्या मनात सहा फुटी टाकी आहे. तिच्या सम्पाची काच गेल्या आठवड्यात येऊन पडली. वरच्या टाकीचं माप अजून ठरायचं आहे.